शोभेचा बॉयलर

माझ्या वडिलांना गल्लीतली पोरं ‘कुकर’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण पाठ वळली की म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. आधी नाकातून सूं करून श्वास, मग घसा खाकरणं, मग कपाळावरून एकदा हात फिरवणं, आणि त्यानंतर समोर जो असेल त्याची खैर नाही. वाण्याने पुडी सैल बांधली, राग. बसच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं, राग. टीव्हीवर बातम्या सांगणारी हसली, तर तिच्यावरही राग. आई होती तेव्हा म्हणायची, "यांच्या नाकावर राग नुसता बसत नाही, तिथे बिऱ्हाड करून राहतो."

मी एका मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. लोकांचा राग ऐकून घ्यायचा मला पगार मिळतो. घरी तोच फुकट ऐकावा लागतो. नवरा परगावी नोकरीला, त्यामुळे घरात आम्ही तिघंच: बाबा, मी आणि माझी अठरा वर्षांची लेक. बाबांच्या मागे मागे फिरून "माफ करा हं, त्यांचा स्वभावच तसा आहे" असं मी किती दुकानदारांना, कंडक्टरांना आणि शेजाऱ्यांना म्हटलं असेल, त्याची गणतीच नाही. हे वाक्य म्हणताना मला माझाच राग येतो. पण म्हटलं नाही तर भांडण मिटत नाही.

बाबा कागदाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. ओला कागद लांबलचक तापत्या रुळांवरून सुकत जातो, ते रूळ वाफेवर तापतात, आणि ती वाफ बाबा करायचे. आठ आठ तासांची पाळी. बॉयलरची सगळी गंमत तीन गोष्टींत आहे, असं ते सांगायचे. प्रेशर दाखवणारा काटा, आतलं पाणी दाखवणारी काचेची उभी नळी, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. प्रेशर हद्दीबाहेर गेलं की हा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि जास्तीची वाफ फुसकन बाहेर सोडतो. पहिल्या दोन गोष्टी माणसासाठी, तिसरी माणूस झोपला तर, असं ते म्हणायचे.

सव्वीस वर्षांपूर्वी तो बॉयलर फुटला. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. कारखान्यात मोठी मागणी आली होती, वाफ पुरत नव्हती, आणि व्हॉल्व्ह मध्येमध्ये उघडून वाफ वाया जाते म्हणून मॅनेजरसाहेबांनी भर दुपारी बाराला त्याच्या दांड्यावर एक लोखंडी ठोकळा टांगायला लावला. म्हणजे तो उघडणारच नाही. बाबा भांडले. साहेब म्हणाले, तुझं काम कोळसा मारायचं आहे, अक्कल चालवायचं नाही. दोनला पाळी बदलली. बाबा घरी आले, हात धुतले, जेवायला बसले, आणि पावणेतीनला खिडक्यांच्या काचा थरथरल्या. बाबा उष्ट्या हाताने धावत गेले. त्यांच्यानंतरच्या पाळीला त्यांचा जोडीदार होता. तो वाचला नाही.

चौकशी झाली. ठोकळा जोडीदारानेच टांगला, असं ठरलं. कारण नोंदवहीत दोन वाजता सगळं ठीक असल्याची नोंद होती. जे झालं ते दोननंतर झालं. दोननंतर तिथे तोच होता. साहेबांची बदली झाली, तीही वरच्या जागेवर. आम्ही घरचे एवढंच समजून होतो की बाबांनी खरं सांगितलं आणि त्यांचं कुणी ऐकलं नाही. त्या दिवसापासून त्यांचं डोकं जे तापलं ते निवलंच नाही. जोडीदाराची बायको, आमच्या काकू, पूर्वी दिवसाआड आमच्याकडे यायच्या. त्यानंतर आल्या नाहीत. दर दोन महिन्यांनी त्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी माझ्या खिडकीवर येतात, वय सांगतात, पत्ता सांगतात, कागद घेतात आणि जातात. वर मान करून माझ्याकडे बघत नाहीत.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यातली आमची मोठ्या शहराची फेरी.

बाबांचा डावा कान बॉयलरच्या आवाजाने कधीच गेला होता, उजवाही जायला आला होता. शहरात एका डॉक्टरांकडे कानात बसणारं मशीन मिळतं म्हणून आम्ही तिघं गेलो. दुपारी एकपर्यंत मशीन बसवून झालं. बाहेर रस्त्यावर आलो तर बाबा जागच्या जागी उभे. मोटारी, भोंगे, कुणाच्या तरी चपला, कुणाचं तरी फोनवर भांडण.

"इतकी वर्षं तुम्ही लोक एवढा आवाज करत होतात?" ते म्हणाले. सूं झालंच.

परतीची गाडी संध्याकाळी सातला होती. लेकीने सहा महिने आधीपासून एकच मागणं घालून ठेवलं होतं: त्या शहरातलं एक दुकान बघायचं. तिला एक वेड लागलेलं आहे, त्याला स्टीमपंक म्हणतात. जुने कोट, पितळी बटणं, उंच टोप्या, वेल्डिंगवाल्यांचे असतात तसे चष्मे, आणि सगळ्यावर घड्याळाची चाकं चिकटवलेली. तिने स्वतःच्या हाताने एक टोपी केली होती, माझं गजराचं घड्याळ त्यात कामी आलं. बाबांना ती टॅक्सीत समजावत होती.

"म्हणजे बघा आजोबा, समजा विजेचा शोध लागलाच नसता. सगळं जग वाफेवरच चाललं असतं. तर ते कसं दिसलं असतं?"

"काळं," बाबा म्हणाले.

दुकान एका जुन्या गोदामात होतं. दारातच जुन्या कपड्यांचा, डांबरगोळ्यांचा आणि पॉलिशचा वास. एका बाजूला मखमली कोट, लेसचे झगे, चामड्याच्या पेट्या. दुसऱ्या बाजूला दुर्बिणी, टाइपरायटर, पाण्याच्या पाइपांचे केलेले दिवे. काउंटरवरच्या मालकीणबाईंनी केसांवर तिरकी छोटी हॅट लावली होती आणि हॅटवर पाच-सहा चाकं. बाबा त्या हॅटकडे बघत राहिले. कुणाकडे असं टक लावून बघू नये हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

"ही फिरवतात काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही आजोबा, शोभेची आहेत," बाई हसून म्हणाल्या.

"मग त्यांना दात कशाला?"

मी तोंड उघडणारच होते, पण बाईंना ते फार आवडलं. त्यांनी आणखी दोन गिऱ्हाइकांना बोलावून बाबांचं वाक्य सांगितलं. बाबांचा जुना पितळी बक्कलाचा पट्टा, तेलाचे डाग गेलेच नाहीत असे अंगठे, कानात नवं मशीन. कुणीतरी विचारलं, हा पोशाख कुठून घेतला. लेक हसून हसून लाल झाली. आणि त्या दुकानात पहिला अर्धा तास, खरं सांगते, मी बाबांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. ते लेकीला एकेक वस्तू उचलून दाखवत होते. ही तेलाची बुधली, हिची चोच वाकडी असते कारण हात आत जात नाही. हा पाना डावखुऱ्याचा आहे, बघ कुठे झिजलाय. लेक प्रत्येक गोष्ट फोनमध्ये लिहून घेत होती. मी एक लोकरी कोट अंगाला लावून बघत होते आणि मनात म्हणत होते, आज सुटलो.

दुकानाच्या मधोमध एक कमरेएवढा कठडा होता आणि आत बॉयलर. खोटा नव्हे, खरा. माणसाएवढा उभा, तांब्याच्या पट्ट्या चढवून चकचकीत केलेला, खाली गॅसची शेगडी. त्याच्यावर एक छोटं इंजिन चालायचं, ते एक मोठं चाक फिरवायचं, आणि तासातासाला शिट्टी वाजायची. शिट्टी वाजली की वाफेचा ढग उठायचा आणि लोक त्यात उभे राहून व्हिडिओ काढायचे. बॉयलर सांभाळायला एक तिशीतला तरुण होता, चामड्याचा एप्रन, कपाळावर चष्मा. चारची शिट्टी अजून झाली नव्हती. कुणी चित्रीकरणवाले येणार होते, त्यांच्यासाठी थांबले होते. कठड्याभोवती पंचवीसतीस माणसं दाटीवाटीने उभी, त्यात कडेवर मुलं घेतलेली दोघंतिघं.

बाबा कठड्याचं दार उघडून सरळ आत गेले. एप्रनवाला आदराने बाजूला झाला. एवढ्या वेळात दुकानभर झालं होतं की आजोबा असली बॉयलरवाले आहेत.

बॉयलरवर तीन गोल तबकड्या होत्या. बाबांनी पहिलीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. मग दुसरीवर. मग तिसरीवर. बॉयलरवरची माणसं काटा नुसता बघत नाहीत, आधी ठोकतात, कारण काटा अडकलेला असू शकतो; जिवंत काटा ठोकला की केसभर थरथरतो.

"यातली खरी कुठली?"

"मधली," एप्रनवाला म्हणाला. "बाजूच्या दोन नंतर लावल्या. तीन बऱ्या दिसतात."

"मधलीचा काटा हलत नाही."

"तो पहिल्यापासून तिथेच आहे. छान मध्यावर आहे ना?"

बाबांनी नाकातून श्वास घेतला. मी कोट खाली ठेवला.

"मग प्रेशर किती आहे ते तुला कळतं कसं?"

"वीस मिनिटं गॅस ठेवायचा, मग शिट्टी. ठरलेलं आहे."

"आज किती वेळ झाला?"

एप्रनवाल्याने घड्याळ बघितलं. "चाळीस... पंचेचाळीस होतील."

बाबा पाण्याच्या काचेपाशी वाकले. लेक त्यांच्या शेजारी जाऊन वाकली होती. "यात पाणी हलतंय का बघ," ते तिला म्हणाले, "माझी नजर दगा देईल."

"नाही हलत. एकदम शांत आहे."

"पेटत्या बॉयलरच्या काचेत पाणी कधी शांत नसतं. नळी बुजलीय. हे पाणी आतलं नाहीच." घसा खाकरला. मग त्यांनी मान वर केली. बॉयलरच्या डोक्यावर एक पितळी आठपायी ऑक्टोपस बसवला होता, त्याचे पाय सगळीकडे वळलेले. त्या पायांच्या आड सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हला तांब्याच्या तारेचे पाच-सहा वेढे, पक्के पिळून.

"हे कुणी बांधलं?"

"सारखा फिसफिसायचा, आजोबा. व्हिडिओत तो आवाज यायचा. बाई म्हणाल्या, बांधून टाक."

कपाळावरून हात फिरला. पण बाबा ओरडले नाहीत. खाली वाकले, गॅसची चावी फिरवली, जाळ विझला. मग वळून म्हणाले, "सगळे बाहेर जा."

कुणी हललं नाही. दोघांनी फोन वर धरले. एक जण म्हणाला, काय भारी पात्र आहे. दुकानाने ठेवलेला नट आहे असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मी डोळ्यांनी बघितलं. माझ्या बापाच्या तोंडचा रंग उडालेला आणि लोक टाळ्या वाजवतायत.

"बाहेर व्हा म्हणतो ना, मुडद्यांनो." हे मात्र ओरडले.

मालकीणबाई आल्या. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "आजोबा, माझी गिऱ्हाइकं घाबरतील. तुमचा अनुभव मोठा आहे, मान्य, पण हे आम्ही तीन वर्षं चालवतोय. पाच मिनिटांत चित्रीकरण आहे. पेटव रे."

आणि इथे मी काय केलं? माझ्या जिभेला इतकी वर्षं जे वळण लागलंय, तेच केलं. पुढे झाले आणि म्हणाले, "माफ करा हं, त्यांचा स्वभावच तसा आहे."

बाईंचा जीव भांड्यात पडला. "समजू शकते मी. वय झालं की होतं. जरा बाहेर बसवा त्यांना, पाणी द्या." एप्रनवाल्याने शेगडी पुन्हा पेटवली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते रागाने बघतात तेव्हा मला काही वाटत नाही, सवय आहे. त्या बघण्यात राग नव्हता. त्यांचं जगात कुणी ऐकत नाही हे मला माहीत होतं. त्या न ऐकणाऱ्यांत मी पहिली आहे, हे मला तेव्हा कळलं.

माझ्या लेकीला असली वळणं लागलेली नाहीत. ती कठड्याला वळसा घालून मागच्या पडद्याआड गेली, गॅसचं सिलिंडरच बंद केलं, आणि तिथूनच अग्निशमनवाल्यांना फोन लावला. दुकानाचा पत्ता, कठड्याभोवती किती माणसं आहेत, व्हॉल्व्ह बांधलेला आहे, सगळं धडाधड सांगत ती बाहेर आली. मालकीणबाई तिच्या अंगावर गेल्या. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कठड्याला पाठ लावून उभी राहिले आणि दवाखान्यातला माझा खिडकीवरचा आवाज काढला. तो मी खूप कमी वेळा काढते, पण काढला की वॉर्डबॉयसुद्धा सरळ होतात.

"सगळ्यांनी दाराकडे तोंड करा. मुलं आधी. फोन खिशात. ढकलाढकली करायची नाही. चला."

नाटक नाही हे लोकांना माझ्या आवाजावरून कळलं असेल. बाबांच्या आवाजावरून का कळलं नाही, देव जाणे. रांग लागली आणि माणसं निघाली. बाई माझ्यावर भरपाईपासून पोलिसांपर्यंत काय काय ओरडत होत्या. मी म्हटलं, "बाहेर जाऊन ओरडा."

आता एप्रनवाला खरोखर घाबरला होता. त्याने हातपंपाचा दांडा धरला. "आत पाणी मारतो, लगेच थंड होईल."

बाबांनी त्याचं मनगट असं पकडलं की तो कळवळला. "पाणी मारलंस तर मेलास. आत पाणी उरलंय की नाही ठाऊक नाही. पत्रा लाल झाला असेल. त्यावर गार पाणी पडलं की सगळी वाफ एकदम होईल, मग हा इथे राहणार नाही आणि तूही. काही करायचं नाही. हात लावायचा नाही. ती तार सोडायची नाही, दाब एकदम सुटला तरी हा फुटेल. नुसतं निवू द्यायचं."

"मग मी काय करू?"

"तुझी पाळी संपली. जा."

तो गेला. मी बाबांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि एक स्टूल ओढून बॉयलरपासून चार हातांवर बसले. "कुणी तरी येऊन परत पेटवेल," ते म्हणाले. "मी इथून हलणार नाही. पोरीला घेऊन लांब जा. समोरच्या फुटपाथवर नको, कोपऱ्याच्या पलीकडे."

मी ओरडले, रडले, वाटेल ते बोलले. ते म्हणाले, "एकदा गेलो होतो घरी."

कोपऱ्याच्या पलीकडे आम्ही एकवीस मिनिटं उभ्या होतो. लेकीने टोपी काढून हातात धरली होती. मी इकडे बाबांना शिव्या घालत होते, तिकडे बाईंना, मध्येच सव्वीस वर्षांपूर्वीच्या साहेबांना, आणि सगळ्यात जास्त स्वतःला. लेक मला म्हणाली, "आई, गप्प बस ना, आवाज आला तर ऐकू येणार नाही." तेव्हा मी गप्प बसले.

अग्निशमनवाले आले, आत गेले, आणि बाबांचंच म्हणणं खरं धरून काही न करता थांबले. पाऊणएक तासाने निवल्यावर त्यांनी ऑक्टोपस उतरवून तार कापली. आतलं पाणी जाळाच्या नळ्यांच्या खाली गेलेलं होतं, वरचा पत्रा तापून निळा पडला होता. त्यांच्या अधिकाऱ्याने बाहेर येऊन मालकीणबाईंना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाई फुटपाथवर तो ऑक्टोपस पोटाशी धरून उभ्या होत्या. एप्रनवाला पायरीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं मला वाटलं नाही. आजही वाटत नाही.

अधिकाऱ्याने फुटपाथवरच बाबांपुढे खुर्ची मांडली. "काका, सगळ्यात आधी तुम्ही बघितलंत. काय बघितलं, काय केलं, तुमच्या हाताने लिहून द्या. मी ते अहवालाला लावणार आहे." सोबत दोन कोरे कागद आणि पेन दिलं.

बाबा लिहायला लागले. पहिला कागद लवकर भरला. दुसऱ्याला फार वेळ लागला. सातची गाडी गेली. अधिकाऱ्याने दोन्ही कागद वाचले, दुसरा परत वाचला, आणि म्हणाला, "काका, हे इथलं नाही. याचा इथे काय संबंध?"

"लावा," बाबा म्हणाले.

मी तो कागद त्याच्या हातातून घेतला. बाबांचं अक्षर गोल आणि स्वच्छ आहे. लिहिलं होतं:

‘आमच्या कारखान्यात त्या दिवशी सकाळी सहाला पाळी सुरू होतानाच मी नोंदवहीचं अख्खं पान भरून ठेवलं होतं. दर तासाचं प्रेशर, दर तासाचं पाणी, आणि दोन वाजता सेफ्टी व्हॉल्व्ह तपासला, ठीक, हेही. आम्ही सगळेच तसं करायचो. कोळशाच्या हाताने पान काळं झालं की कारकून अंगावर यायचा, म्हणून हात धुतलेले असताना लिहून टाकायचं. बाराला साहेबांनी ठोकळा टांगायला लावला. मी भांडलो, पण पान खोडलं नाही. जोडीदाराला तोंडी सांगितलं आणि दोनला घरी गेलो. चौकशीत मला पान दाखवून विचारलं, अक्षर कोणाचं. मी म्हटलं, माझं. विचारलं, दोनला व्हॉल्व्ह खरंच तपासला होता का. खोटी नोंद केली म्हणून नोकरी जाईल, या भीतीने मी हो म्हटलं. जोडीदाराची चूक नव्हती.’

खाली सही.

इथे मला त्यांची दया आली असं लिहिलं तर बरं दिसेल. मला राग आला. आमच्या आईने या माणसाच्या रागाखाली सगळा संसार काढला, मी जन्मभर लोकांची माफी मागत फिरले, का, तर जगाने यांचं ऐकलं नाही म्हणून. आणि जगाने विचारलं तेव्हा हे हो म्हणून आले होते. मी म्हटलं, "आम्हाला तरी सांगायचं होतंत."

"त्यांना आधी सांगायला हवं," बाबा म्हणाले. "फोन लाव."

कुणाला, ते विचारावं लागलं नाही. काकूंचा नंबर मला पाठ आहे, दर दोन महिन्यांनी मीच तो कागदावर लिहिते. फोन मोठ्या आवाजावर ठेवून मी बाबांपुढे धरला.

"कोण?"

"मी बोलतोय, वहिनी."

"बोला."

बाबांनी सांगितलं. कागदावर होतं तेवढंच, त्याच क्रमाने. मध्ये थांबले नाहीत. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पान आधी भरायचात ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आमचे हेसुद्धा भरायचे. घरी येऊन हसायचे, आज दिवसभर प्रेशर सरळ रेघेत होतं म्हणायचे. पण भावजी, तुम्हाला तिथे विचारलं, तेव्हा तुम्ही हो म्हणालात?"

"हो."

"मला वाटत होतं, तुम्हाला कुणी विचारलंच नसेल. सव्वीस वर्षं मी हेच धरून बसले होते."

बाबा म्हणाले, "आज लिहून दिलंय."

"कोणाला?"

बाबांनी वर बघितलं. त्या अधिकाऱ्याकडे, लाल गाडीकडे, दुकानाच्या दाराला लावलेल्या दोरीकडे.

"मग मलाही लिहून द्या," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "सही करून. माझ्या मुलाला, सुनेला, सगळ्यांना वाचून दाखवायचंय. आणि तो कागद घेऊन स्वतः या. पोरीच्या हातून पाठवू नका." फोन बंद झाला.

बाबांनी अधिकाऱ्याकडे आणखी एक कोरा कागद मागितला.